कोरडं पॅकिंग

इंजिनाचं पॅकिंग बसवताना सिलिकॉन किती लावावं, यावर मी कुणालाही तासभर ऐकवू शकतो. ऐकवतोही. नांदेडच्या ज्या क्लासमध्ये मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, तिथले दोघे-तिघे मास्तर सुट्टीच्या दिवशी आपापल्या गाड्या घरीच खोलून बसतात. त्यातले गणिताचे मास्तर एकदा लाल सिलिकॉनची ट्यूब नाचवत सांगायला लागले, "काही नाही हो, भरपूर लावायचं, गळायचा प्रश्नच मिटतो." मी त्यांच्यावर असा खेकसलो की स्टाफरूममध्ये चहाचे कप जागच्या जागी थांबले. पुढे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना काय माहीत, मी त्यांच्यावर नाही, सतरा वर्षांच्या एका शहाण्यावर खेकसत होतो.

तो शहाणा म्हणजे मीच. दिवाळीच्या सुट्टीत उदगीरला आलो असताना मी वडिलांच्या मोटारसायकलीला घरच्या घरी पॅकिंग बसवलं, आणि लगेच आलेल्या भाऊबीजेला ते आत्याकडे पोचू शकले नाहीत. गाडी वाटेत बंद पडली. ती चेन तुटून बंद पडली की माझ्या हातामुळे, एवढा एकच प्रश्न मी अठ्ठावीस वर्षं बाळगला. वडील म्हणायचे, चेन तुटली.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. उदगीरला जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर फिरतीवर गेले की बैलाच्या सुजलेल्या खांद्यापासून अडलेल्या शेळीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात यायचं. लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि ते दर वेळी न चुकता "कंपाउंडर हाय मी" म्हणून दुरुस्त करायचे. गाडी मेकॅनिककडे नेणं त्यांना कमीपणाचं वाटे. पॅकिंगसुद्धा, म्हणजे कव्हरच्या फटीतून तेल गळू नये म्हणून मध्ये घालायची पातळ पट्टी, ते दुकानातून आणत नसत. दवाखान्यात लाळ्या-खुरकतीच्या लसीची खोकी यायची; त्यांचा पुठ्ठा पातळ आणि चिवट. तो इंजिनाच्या कव्हरच्या तोंडावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं. धातूची कड आपणच पुठ्ठा कापते. मग दोन्ही अंगांना ग्रीसचं नुसतं बोट पुसायचं आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत आणायचे. सिलिकॉन नाही की शेलॅक नाही, चिकटवायला काहीच नाही. जनावराच्या जखमेचा कायदा ते इंजिनालाही लावत. "आत घाण ठेवून वरून टाका घालू न्हाई," म्हणत, "तोंड साफ असलं की पॅकिंग कोरडंच बसतंय."

आत्या ही आण्णांची थोरली बहीण. निलंग्याकडच्या एका खेड्यात दिलेली. आण्णा तिला अक्का म्हणत आणि ती आण्णांना तम्मा म्हणे. आमच्या सीमेकडच्या घरांत धाकट्या भावाला ही कानडी हाक सर्रास चालते. भूकंपात तिचं घर बसलं. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. नवरा, मुलगा, सून, नातू, सगळे एकाच खोलीत गेले. ती म्हैस का हंबरते म्हणून गोठ्याकडे गेली होती, तेवढी राहिली. "तुम्ही तरी वाचलात" असं कुणी म्हटलं की ती उठून जायची.

आण्णांनी तिला दोनदा उदगीरला आणलं. आमच्या घराला स्लॅब होता. ती उंबऱ्याशी उभी राहून वर बघायची आणि मागच्या पावली अंगणात जाऊन बसायची. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत गेली, सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथंही एकटीसाठी ती चूल पेटवत नसे. शेजारीण भाकरी देई, त्यातली अर्धी खाई. स्वयंपाक करायची फक्त रविवारी, कारण रविवारी तम्मा यायचा. आण्णा सकाळी उजाडताच गाडीला किक मारत आणि नऊच्या आत तिच्या गावच्या फाट्यावर पोचत. ती तिथं उभीच असे. मग घरी जाऊन चूल, भाकरी, पिठलं, आणि आण्णांनी जबरदस्तीनं तिच्या ताटात वाढलेली दुसरी भाकरी.

"एस.टी.नं का जात नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"दोनदा बदलावी लागती," ते म्हणाले. "अन् फाट्यावर कवा थांबंल, कवा न्हाई. टायमात दिसलो न्हाई की अक्का भेती. तिला वाटतंय, ह्योबी गेला."

म्हणजे ती गाडी धावत होती तोवर माझी आत्या आठवड्यातून एक दिवस पोटभर जेवत होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी त्या वर्षी लातूरला बारावीला होतो. भूकंपाला वर्ष होत आलं तरी मदतीचे ट्रक अजून पुरते थांबले नव्हते आणि त्याच रस्त्यांवर पत्र्याच्या ट्रंका घेऊन गावोगावची पोरं उतरायला लागली होती. एका खोलीत चार कॉट, भिंतींवर सूत्रांचे कागद, मेसचा डबा आणि दर रविवारी परीक्षा. ज्यांची पोरं तिथं होती त्या घरांत एक कायदा सगळे पाळायचे: बारावीच्या पोराला वाईट बातमी कळू द्यायची नाही. आजा गेला, म्हैस मेली, बहिणीची सोयरीक मोडली, काहीही होवो, पेपर संपेपर्यंत त्यावर पांघरूण. माझ्या शेजारच्या कॉटवरचा पोरगा चार महिने आपल्या आजीला पत्रं लिहीत होता आणि ती कधीच गेलेली होती. आईबाप हे मायेपोटीच करत, त्यात खोट काढायची नाही मला. पण माया आंधळी असते असं म्हणतात ते उगाच नाही.

गावात मी हुशार होतो. लातूरला गेल्यावर कळलं की हुशार पोरांचा तिथं बाजार भरलाय आणि त्यात मला गिऱ्हाईक नाही. निकालाच्या यादीत माझं नाव खालून शोधलं तर लवकर सापडे. दिवाळीला चार दिवस घरी आलो तेव्हा आण्णांनी मार्क विचारले, मी सांगितले, आणि ते नुसतं "बरं" म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. काहीतरी एक काम नीट करून दाखवल्याशिवाय मला त्या घरात बसवेना.

गाडी ओसरीत उभी होती. क्लचच्या बाजूच्या कव्हरमधून तेल ठिबकत होतं आणि आईनं खाली डालड्याचा जुना डबा लावून ठेवला होता. आण्णा लसीकरणासाठी गावं फिरत होते. पॅकिंग कापायला त्यांना सवड नव्हती. मी म्हटलं, हे मी करतो. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा आण्णांना ओळखत. त्यांच्या शेळ्यांचं दुखणंखुपणं आण्णाच बघत. त्यांनी तयार पॅकिंग दिलं, लाल सिलिकॉनची ट्यूब दिली आणि बजावलं, "काडीएवढी रेघ ओढायची, बस. ज्यादा लावशील तर आत जाऊन दगा देईल. अन् जुनं समदं खरडून घे पहिले."

मी घरी आलो आणि कव्हर खोललं. आण्णांचं जुनं पुठ्ठ्याचं पॅकिंग धातूला जागोजाग चिकटलं होतं. थोडं खरडलं, थोडं राहिलं. राहिलेल्यावर तेलाचा ओशटपणा तसाच होता. म्हटलं, वर सिलिकॉन येणारच आहे, झाकलं जाईल. आणि मग त्या ट्यूबला मी काडीएवढी काय, करंगळीएवढी रेघ ओढायला लावली. पॅकिंगच्या या बाजूला आणि त्या बाजूलाही. आत स्वयंपाकघरात आई करंज्या करत होती. तिच्या शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीला ती सांगत होती की कडेला दुधाचं नुसतं बोट फिरव, जास्त लावलंस की करंजी तळताना सुटते आणि सगळं तेल नासतं. हे मी ऐकत होतो. ऐकत ऐकतच बोल्ट आवळले, एकेक करून, गच्च. कडेनं लाल सिलिकॉन बाहेर आलं ते अंगठ्यानं सारखं केलं. काम दिसायला इतकं देखणं झालं की मी दोनदा लांब जाऊन बघितलं. जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं असणार, एवढं साधं भौतिकशास्त्र मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि आज मी तेच शिकवून पोट भरतो.

आण्णा संध्याकाळी आले. गाडीखालचा डबा कोरडा बघून खाली वाकले. कव्हरच्या कडेवरून त्यांनी हळूच एक बोट फिरवलं.

"तोंड साफ केलतास न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ब्येस केलंस." त्या "ब्येस"वर मी त्या रात्री पोटभर जेवलो.

भाऊबीजेला सकाळीच आण्णा निघाले. हँडलला फराळाची पिशवी, आत हिरवं इरकल लुगडं. मी दुपारच्या एस.टी.नं लातूरला गेलो, माझी सुट्टी संपली होती. पंधरा दिवसांनी आण्णा खोलीवर डबा घेऊन आले ते एस.टी.नं. मी विचारलं, गाडी कुठाय? "भाऊबिजंला चेन तुटली," ते म्हणाले, "जरा उशीर झाला, पर पोचलो. अक्कानं ववाळलं. गाडी आता म्हातारी झाली, ठिवली पोतं झाकून. तू अभ्यासाकडं बघ." मला ते पटलं नाही. चेन तुटली तर चेन बदलतात, गाडीवर पोतं कशाला झाकतील? पण मी विचारलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील, ही भीती होती.

शेवटचा पेपर देऊन मी उदगीरला आलो आणि पायातले बूट काढत असतानाच आईनं सांगितलं की आत्या गेली. संक्रांतीनंतर आठ दिवसांनी. अडीच महिने झाले होते. बहिणीनं, शेजाऱ्यांनी, अगदी त्या चाचांनीही तोंडं मिटून ठेवली होती. दहावा, तेरावा, सगळं झालं होतं आणि मी त्या वेळी लातूरला लोलकाचा आवर्तकाल काढत होतो. मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "तुझं साल वाया गेलं असतं बाळा."

साल तरीही वायाच गेलं. मेडिकलला नंबर लागला नाही तो नाहीच.

त्या उन्हाळ्यात आण्णांबरोबर आत्याचं सामान आणायला गेलो. दोन पातेली, एक गोधडी, आणि घडीसुद्धा न मोडलेलं हिरवं इरकल. आण्णा तलाठ्याकडे गेले तेव्हा शेजारणीनं मला पाणी दिलं आणि सांगितलं. भाऊबीजेला आत्या सकाळपासून ताट घेऊन फाट्यावर बसली होती. ओवाळल्याशिवाय बहीण जेवत नाही, म्हणून पोटात पाण्याचा थेंब नाही. दिवस मावळला तरी उठेना. चौघींनी उचलून आणली. "तम्माबी गेला, तम्माबी गेला, येवढंच म्हणत हुती," शेजारीण म्हणाली. "दुसऱ्या दिशी दुपारी आण्णा आले टरकातून, सणाचं वाटंत दुसरं वाहन मिळालं न्हाई म्हनं. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, ववाळलं, समदं केलं. पर तवापासून तिचं ध्यान काय जागेवर आलं न्हाई. रोज फाट्यावर जायची. यष्टीनं आण्णा यायचे की, पर तिला रविवार कळायचा बंद झाला."

त्याच थंडीत, फाट्यावर बसून बसून, ती गेली. माणूस असं एकाच कारणानं जात नाही, चार माणसं मातीखाली गेलेली बाई तशीही किती जगली असती, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. ते खरंही आहे. पण तिला आपल्या भावाच्या मरणाचा एक दिवस भोगावा लागला, जो भाऊ मेलाच नव्हता, आणि तो दिवस तिला कुणी दिला हे मला कळायला हवं होतं.

परतीच्या एस.टी.त मी आण्णांना विचारलं, "आण्णा, गाडी नक्की कशानं बंद पडली?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चेन. सांगितलं न्हवं." त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

आता आण्णा ऐंशीच्या पुढे आहेत आणि माझ्याकडे नांदेडला असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना अलीकडच्या गोष्टी आठवत नाहीत, जुन्या आठवतात, आणि समोरचा माणूस कोण हे दिवसागणिक बदलतं. कधी मी त्यांचा मुलगा असतो, कधी दवाखान्यातला डॉक्टर, कधी कुणी परका. गेल्या वर्षी उदगीरचं घर रिकामं केलं तेव्हा मागच्या खोलीत गाडी तशीच उभी होती, पोत्याखाली. भंगारवाला न्यायला तयार होता. मी ती टेंपोत घालून नांदेडला आणली. घरात सांगितलं, छंद म्हणून दुरुस्त करणार. खोटं होतं ते. मला फक्त आतली जाळी बघायची होती. इंजिनाचा पंप खालचं तेल एका बारीक जाळीतून वर ओढतो. जास्तीचं सिलिकॉन सुटलं तर तिथंच जाऊन अडकतं आणि वर तेलाचा थेंब पोचत नाही, इंजिन कोरडं तापून जाम होतं.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये आण्णांची खुर्ची उन्हाला टाकली आणि मी शेजारी फरशीवर पाने मांडले. किक दाबून बघितली, हलली नाही. पिस्टन आत जाम होता. चेन दोन्ही चक्रांवर होती, गंजलेली, पण आख्खी. बोल्टांना दोन दिवस गंज सुटायचं तेल पाजलं होतं, तरी एकेक बोल्ट रडत रडत निघाला. कव्हर सुटलं.

लाल रंगाचा आत मागमूस नव्हता. धातूचं तोंड आरशासारखं साफ खरडलेलं. त्यावर पुठ्ठ्याचं, हातानं कापलेलं, कोरडं पॅकिंग. आणि त्या पुठ्ठ्यावर लसीच्या खोक्यावरच्या निळ्या गाईचं मागचं अर्धं अंग. खाली जाळी बघितली. स्वच्छ. कबूल करतो, मला आधी हायसं वाटलं. जाळी स्वच्छ, म्हणजे मी नाही. क्षणभरच वाटलं ते. मग त्या अर्ध्या गाईकडे बघताना कळलं की माझ्यानंतर हे कव्हर आण्णांनी उघडलं होतं.

"मिस्त्री," आण्णा खुर्चीतून म्हणाले.

मी मान वर केली. ते माझ्याकडेच बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

"जाळी नका बघू. मीच साफ केली ती. लाल शेवयाच्या शेवया निघाल्या तिच्यातून."

"कुणी लावलं होतं एवढं?" मी विचारलं.

"पोरानं. लातूरला असतोय, शिकायला. चार दिस आलता घरी." ते थोडे हसले. "लई मन लावून केलतं बगा. पर तोंड साफ केलं न्हवतं. मला बोट लावल्या-लावल्या कळलं."

"मग खोलून परत का नाही बसवलं, आण्णा?"

"आवो, कसं खोलायचं?" ते मला समजावत म्हणाले, जरा चिडूनच. "त्याच्या म्होरं? मार्क कमी पडल्यालं, तोंड एवढंसं झाल्यालं पोराचं. एक काम केलतं त्यानं घरात. म्हणलं, जाऊन यीन तेवढी तग धरंल गाडी." मग ते फाटकाकडे बघत होते. "न्हाई धरली."

माझ्या हातातला पाना फरशीवर पडला. त्याच्या आवाजानं ते दचकले आणि खुर्चीत पुढे वाकले.

"मिस्त्री, त्याला बोलू नका बरं का. बारावी हाय त्याची."

"नाही बोलत," मी म्हटलं.

"अन् भाऊबिजंच्या आत द्या गाडी. अक्का वाट बघती."

मी मान हलवली. जाम झालेलं ते इंजिन आता कशानंही सुटणार नव्हतं. तरी मी ते पॅकिंग उचललं, दोन्ही अंगांना ग्रीसचं बोट पुसलं आणि जसं होतं तसं परत बसवलं. कव्हर लावलं, बोल्ट हातानं फिरवून अडकवले. आण्णा खुर्चीतून बोटानं दाखवत होते, आता ह्यो, आता समोरचा, आता ह्यो, आणि मी ते सांगतील तसे, थोडे थोडे आवळत होतो.